वसुली चोख, तरी राज्य गेलं

गेल्या अंकात इंग्लंडच्या इतिहासातल्या एका वादळी दशकावर, इ.स. १००७ ते १०१६ वर, टिपण होतं. राजा एथेलरेड डॅनिश सैन्यांना खंडणी देत राहिला, १०१३ च्या अखेरीस देश सोडून नॉर्मंडीला गेला, १०१४ मध्ये परतला, २३ एप्रिल १०१६ ला लंडनमध्ये वारला; आणि त्याच वर्षाच्या शेवटी सगळं राज्य डेन्मार्कच्या कनूटच्या हाती पडलं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: दहा वर्षं मार खाणारं राज्य दुबळंच असणार. तरी टिपणात त्याच्या कारभाराचं एवढं कौतुक कशासाठी?

लढाईत हरणं आणि कारभार ढिला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या राज्यात साठेक टांकसाळी एकाच छापाचं नाणं पाडत होत्या. देशाची वाटणी शायरमध्ये, म्हणजे जिल्ह्यांत, शायरची ‘हंड्रेड’ नावाच्या गटांत झालेली होती आणि प्रत्येक गटावर किती आकारणी बसते ते ठरलेलं होतं. राजाने हुकूम काढला की पैसा जमा होत होता, जहाजंही बांधून होत होती. पुढची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा: बिघाड वसुलीत नव्हता. गोळा झालेला पैसा, माणसं आणि जहाजं ज्या चार-सहा लोकांच्या हाती जात, त्यांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता, आणि राजाचा त्यांच्यावर त्याहून कमी.

प्रश्न: १०१२ मध्ये ४८,००० पौंड खंडणी दिली म्हणता. म्हणजे नक्की किती चांदी? आणि ती गावागावांतून गोळा कशी व्हायची?

पौंड तेव्हा नाणं नव्हतं, हिशेबाचं एकक होतं. हातात असायची ती चांदीची पेनी, आणि २४० पेनींचा एक पौंड. ४८,००० ला २४० ने गुणा: १ कोटी १५ लाख २० हजार पेनी. पेनीचं वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास धरलं तर १४ टनांहून जास्त चांदी होते. वजनाचा आकडा ठोकळ आहे, कारण एकाच छापाच्या नाण्यांतही वजन बरंच खालीवर होतं.

नुसत्या टनांवरून काही कळत नाही, म्हणून भाव पाहू. याआधी साधारण ऐंशी वर्षांपूर्वी, एथेलस्टन राजाच्या काळात, लंडनकरांनी चोरीच्या भरपाईसाठी दर ठरवले होते: बैल ३० पेनी, गाय २०, डुक्कर १०, मेंढी ५. त्या दराने १०१२ ची खंडणी म्हणजे ३ लाख ८४ हजार बैल. आणि हा एकच हप्ता. १००७ मध्ये ३० की ३६ हजार पौंड दिले (‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या बखरीच्या हस्तलिखितांत दोन्ही आकडे आहेत), १००९ मध्ये एकट्या पूर्व केंटने ३,००० मोजले, १०१४ मध्ये २१,००० गेले. कनूट गादीवर आल्यावर १०१८ मध्ये त्याने देशाकडून ७२,००० आणि लंडनकडून वेगळे १०,५०० वसूल केले. एवढे मोठे आणि गोल आकडे शब्दशः धरायचे का, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. आमचं मत: शेवटचं शून्य मोजत बसू नये, पण रक्कम प्रचंड होती यात शंका नाही, नाण्यांचे साठेच तसं सांगतात.

आता वसुली. आकारणीचं एकक होतं ‘हाइड’, मुळात एका कुटुंबाला पुरेल इतकी जमीन. या काळापर्यंत मात्र ते मोजणीचं माप राहिलं नव्हतं, कागदावरचा आकडा झाला होता. शायरवर ठोकळ आकडा बसायचा, तो हंड्रेडमध्ये वाटला जायचा, तिथून गावांवर आणि जमीनदारांवर उतरायचा. वसुली राजाच्या रीव्हकडे, म्हणजे महसुली कारभाऱ्याकडे. दर हाइडमागे अमुक पेनी, आणि मुदत ठरलेली.

गोची इथे व्हायची. आकडा वरून खाली यायचा, त्यामुळे डॅनिश टोळीने गाव जाळलं म्हणून त्या गावाचा आकारणीतला आकडा आपोआप कमी होत नसे. १०१० नंतर आग्नेय भागातल्या शायरची हीच गत होती. पैसा नसेल तर जमीन जायची. जो कोणी दुसऱ्याच्या जमिनीवरची थकबाकी भरेल, त्याच्या नावावर ती जमीन करून द्यायची पद्धत पडली. वूस्टरच्या मठाने पुढे अशा गेलेल्या जमिनींची गाऱ्हाणी लिहून ठेवली आहेत. भरणा करायला वेदीवरचा चांदीचा पत्रा काढला, प्याले मोडले, क्रूस वितळवले, ग्रंथांच्या बांधणीवरची चांदीसुद्धा उतरवली, असं त्यात आहे.

तो पत्रा टांकसाळीत गेला की पुढचं काम पटापट व्हायचं. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात पक्का बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा हातात धरायचा आणि हातोडा मारायचा. एका बाजूला राजाचा चेहरा आणि नाव. दुसरीकडे टांकसाळ्याचं आणि गावाचं नाव. म्हणजे हिणकस नाणं सापडलं तर कुणाला धरायचं ते नाण्यावरच लिहिलेलं. एथेलस्टनच्या कायद्यात अशा टांकसाळ्याचा हात तोडून टांकसाळीवर ठोकायची शिक्षा आहे. काही वर्षांनी छाप बदलायचा, जुनं नाणं देऊन नवं घ्यावं लागायचं आणि त्या बदलीत वरच्यांचा वाटा सुटायचा. १०८६ च्या डोम्सडे नोंदीत, म्हणजे देशभरच्या जमीन-पाहणीत, वूस्टरचा प्रत्येक टांकसाळ्या छाप बदलला की नव्या ठशांसाठी लंडनला २० शिलिंग भरतो असं आहे. आमच्या दशकातला दर नोंदलेला नाही, पण पद्धत याच घराण्यातली.

प्रश्न: ही चांदी शेवटी गेली कुठे?

स्कँडिनेव्हियात. एथेलरेडच्या पेनी इंग्लंडपेक्षा स्वीडनमध्ये, विशेषतः गॉटलंड बेटावर, जास्त सापडतात. सगळीच खंडणी नव्हे. व्यापारातून आणि पगारातूनही नाणी जातच होती. या नाण्यांवर बारीक टोचे दिसतात. घेणारा सुरीच्या टोकाने पेनीला टोचून पाहायचा: आत तांबं लागतं का, चांदी नरम आहे का. कित्येक पेनी वाकवून सरळ केलेल्याही आहेत. इंग्लंडात राजाच्या छापाला मान होता. समुद्रापलीकडे नाणं म्हणजे चांदीचा तुकडा, तो तपासूनच घ्यायचा.

स्वीडनच्या उपलांड प्रांतात यट्टरगेर्डे इथे सापडलेल्या शिलालेखात उल्फ नावाच्या माणसाची नोंद आहे. त्याने इंग्लंडात तीन वेळा पैसा घेतला: पहिला टोस्टीने दिला, मग थॉर्केलने, मग कनूटने; हे तिघे त्या-त्या सैन्याचे म्होरके. बस, एवढंच. या दशकातल्या शिपायाचा कामाचा दाखला याहून चांगला मिळणार नाही.

प्रश्न: समुद्रातून येणाऱ्या शत्रूला समुद्रातच अडवायला आरमार का उभारलं नाही?

उभारलं की! १००८ मध्ये हुकूम निघाला: दर ३१० हाइडमागे एक जहाज, दर ८ हाइडमागे एक शिरस्त्राण आणि एक चिलखत. ३१० हा आकडा विचित्र वाटतो. बाकीच्या पुराव्यांत एका जहाजासाठी ३०० हाइडचा गट दिसतो, आणि दर ५ हाइडमागे एक माणूस या हिशेबाने त्यातून ६० जणांचं मनुष्यबळ निघतं.

वसुलीचे कागदही शिल्लक आहेत. शेरबर्नच्या बिशपने एका बड्या जमीनदाराला पत्र लिहिलंय: माझ्या ३०० हाइडपैकी ३३ हाइडचा जहाजपट्टीचा पैसा येत नाही, आधीच्या बिशपांना मिळत होता, तेवढं बघा. कोणत्याही तालुका कचेरीत शोभेल असं पत्र. क्रेडिटनचा बिशप एल्फवोल्ड याने मृत्युपत्रात राजाला ६४ वल्ह्यांचं जहाज ठेवलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं की सगळं तयार आहे, फक्त वल्ही अडकवायच्या खुंट्या बाकी आहेत. १००५ मध्ये वारलेल्या आर्चबिशप एल्फ्रिकने आपलं उत्तम जहाज आणि ६० शिरस्त्राणं, ६० चिलखतं राजाला दिली होती. थोडक्यात, माल येत होता.

१००९ मध्ये केंटच्या किनाऱ्यावर सँडविचला हे आरमार जमलं. तोवर कुठल्याही इंग्लिश राजाने एवढी जहाजं एका ठिकाणी आणली नव्हती, असं त्या काळचा बखरकार म्हणतो. मग काय झालं? राजाचा लाडका सरदार एडरिक स्ट्रेओना, त्याचा भाऊ ब्रिह्ट्रिक. या ब्रिह्ट्रिकने ससेक्सच्या वुल्फनॉथवर राजाकडे आरोप केले. वुल्फनॉथ २० जहाजं घेऊन पसार झाला आणि दक्षिण किनारा लुटत सुटला. त्याला पकडून नाव कमवायला ब्रिह्ट्रिक ८० जहाजं घेऊन निघाला. वादळाने ती फोडून किनाऱ्यावर फेकली आणि वुल्फनॉथने येऊन जाळली. हे ऐकून राजा घरी गेला, सरदार घरी गेले, आणि उरलेली जहाजं लंडनला नेऊन ठेवली. ऑगस्टमध्ये थॉर्केलचं मोठं सैन्य त्याच सँडविचला उतरलं, तेव्हा समोर कोणी नव्हतं.

वादळ कोणाच्या हातात नसतं. पण १०० जहाजं वादळाआधीच आपसातल्या भांडणात गुंतली होती.

प्रश्न: राजाने प्रार्थना आणि उपवासाचाही हुकूम काढला होता हे खरं का?

खरं. थॉर्केल उतरल्यावर १००९ च्या शरदात, बाथहून. सेंट मायकेलच्या सणाआधी, म्हणजे २९ सप्टेंबरच्या आधी, सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन दिवस सगळ्यांनी भाकरी, पाला आणि पाण्यावर राहायचं, अनवाणी चर्चला जायचं, दर हाइडमागे एक पेनी द्यायची. चर्चला जाता यावं म्हणून गुलामांनाही तीन दिवस कामातून सुट्टी. मोडलं तर स्वतंत्र शेतकऱ्याला ३० पेनी दंड, गुलामाला फटके. इथेही वसुली आहेच.

त्याच सुमाराला एक वेगळीच पेनी पाडली गेली: राजाच्या चेहऱ्याऐवजी येशूचं प्रतीक असलेलं कोकरू आणि मागे पंख पसरलेलं कबूतर. ती थोड्याच टांकसाळींत निघाली आणि लगेच बंद झाली. आज ओळखीची नाणी जेमतेम वीस-पंचवीस, तीही बरीचशी समुद्रापलीकडे सापडलेली. काहींना गळ्यात घालायला कडी लावलेली. शत्रूने ताईत केला म्हणायचं.

प्रश्न: जमिनीवरच्या लढाया का हरल्या?

बखरकाराची तक्रार साधी आहे: शत्रू पूर्वेला असला की आपलं सैन्य पश्चिमेला, शत्रू दक्षिणेला की आपण उत्तरेला. शेवटी एक शायर दुसऱ्याच्या मदतीला जाईना. १०१० मध्ये ईस्ट अँग्लियात, म्हणजे देशाच्या पूर्व भागात, रिंगमीअरला तिथला सरदार उल्फकेटेल खरंच उभा राहिला. पण त्याचे लोक पळाले, केंब्रिजचे तेवढे टिकले. शायरवार सैन्य उभारण्याचा हाच तोटा. माणूस आपल्या शायरसाठी लढतो आणि शेजारचं शायर जळताना धान्य कापून घरात आणतो.

तटबंदीच्या आड मात्र चित्र पालटायचं. कँटरबरीने सप्टेंबर १०११ मध्ये वेढा सोसला, आणि विसाव्या दिवसाच्या सुमाराला शहर पडलं ते आतल्या फितुरीने. आर्चबिशप अल्फेज पकडला गेला. त्याने आपल्यासाठी खंडणी द्यायला मनाई केली, म्हणून १९ एप्रिल १०१२ ला ग्रिनिचच्या तळावर दारू प्यालेल्या सैनिकांनी त्याला बैलांची हाडं फेकून मारलं आणि शेवटी डोक्यात कुऱ्हाडीचा तुंबा घातला. ४८,००० पौंड दिले गेले ते याच दिवसांत. नंतर थॉर्केल ४५ जहाजांसह एथेलरेडच्या चाकरीत आला, आणि त्यांचा पगार द्यायला दरवर्षीची ‘सैन्यपट्टी’ सुरू झाली. ती १०५१ पर्यंत बंद झाली नाही.

लंडन तर शस्त्राने पडलंच नाही. १०१६ मध्ये पुलामुळे जहाजं वर जाईनात, तेव्हा कनूटच्या लोकांनी थेम्सच्या दक्षिण तीरावर चर खणून ती पुलाला वळसा घालून पश्चिमेला ओढून नेली. मग शहराभोवती दुसरा चर खणला, आत-बाहेर जाणं बंद. तरी भिंत पडली नाही. लंडनवर कनूटने पुढे वेगळी पट्टी का बसवली, याचं उत्तर इथे शोधायला हरकत नाही.

प्रश्न: एडरिक स्ट्रेओनाच सगळ्याला कारणीभूत, असं सगळीकडे वाचलं. तुम्ही त्याचं नाव फारसं का घेतलं नाही?

त्याचा पाढा लांबलचक आहे, आधी तो देतो. १००७ मध्ये मर्सियाचा, म्हणजे मध्य इंग्लंडचा, मुख्य सरदार, राजाचा जावई. १०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत सिगेफर्थ आणि मॉर्कर या उत्तरेच्या दोन मातब्बर सरदारांना आपल्या दालनात बोलावून मारलं. राजपुत्र एडमंडने सिगेफर्थच्या विधवेशी लग्न केलं आणि बापाच्या मनाविरुद्ध त्या दोघांचा मुलूख ताब्यात घेतला. त्याच वर्षी एडरिक ४० जहाजांसह कनूटला मिळाला. १०१६ मध्ये आधी कनूटकडून लढला, मग बापामागे राजा झालेला एडमंड जिंकू लागल्यावर परत एडमंडकडे. १८ ऑक्टोबरला असांडुनच्या लढाईत आपले लोक घेऊन पहिला पळाला. पुढे एडमंड आणि कनूट यांच्यातला तह त्यानेच जुळवला म्हणतात. १०१७ मध्ये कनूटने त्याला आधी मर्सिया दिलं आणि वर्ष संपायच्या आत ठार केलं.

पण हे सगळं आपल्याला सांगतो कोण? ज्या बखरीवर भिस्त आहे, तिच्यातल्या या वर्षांच्या नोंदी वर्षागणिक लिहिलेल्या नाहीत. शेवट ठाऊक असलेल्या एकाच माणसाने, बहुधा लंडनच्या, पराभवानंतर सलग लिहिल्या. अशा माणसाला खलनायक लागतो, आणि १०१७ नंतर एडरिकच्या बाजूने बोलायला कोणी उरलं नव्हतं. बखरीबाहेरचा पुरावा हवा असेल तर राजाच्या जमिनीच्या सनदा काढा. प्रत्येक सनदेखाली साक्षीदारांची यादी असते आणि क्रम मानाप्रमाणे. १०१२ पासून सरदारांत एडरिक सर्वांत वर दिसतो. म्हणजे दरबारातला मोठेपणा खरा. फितुरी बहुतेक खरी. मात्र जहाजं, कँटरबरी, १०१० ची पळापळ हे सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवलं तर राजाची सुटका फार स्वस्तात होते.

त्या राजाची अवस्था १०१४ च्या करारात दिसते. ३ फेब्रुवारीला कनूटचा बाप, एथेलरेडला हुसकावणारा डॅनिश राजा स्वेन, वारला आणि इंग्लिश सरदारांनी नॉर्मंडीला निरोप धाडला: आपल्या जन्मसिद्ध धन्यापेक्षा प्रिय कोणी नाही, पण त्याने पूर्वीपेक्षा न्यायाने राज्य केलं तर. राजाने कबूल केलं. इंग्लंडच्या इतिहासात राजा आणि प्रजा यांच्यातला असा अटींचा करार पहिल्यांदा इथे नोंदलेला दिसतो. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डचे खून झाले.

प्रश्न: एमा राणीने दोन्ही राजांशी लग्न केलं?

हो. नॉर्मंडीची एमा १००२ मध्ये एथेलरेडची राणी झाली, जुलै १०१७ मध्ये कनूटची. पहिल्या लग्नाचा मुलगा एडवर्ड १०४२ मध्ये गादीवर आला.

प्रश्न: आम्ही रेडिंगला राहतो. या दशकातलं प्रत्यक्ष काय पाहता येईल?

रणांगणं शोधू नका. असांडुनसाठी एसेक्समधली अ‍ॅशिंगडन आणि अ‍ॅशडन ही दोन गावं दावा सांगतात, आणि दोन्हीकडे दिसतं ते शेत.

तुमच्या अगदी जवळ वॉलिंगफर्ड. डॅनिश सैन्याने हे गाव १००६ मध्ये जाळलं. किनक्रॉफ्ट आणि बुलक्रॉफ्ट या मोकळ्या मैदानांच्या कडेला जुन्या मातीच्या तटबंदीचा बांध आणि खंदक अजून स्पष्ट आहेत. बांधावरून चालत गेलं की गावाचा चौकोनी आराखडा लक्षात येतो. तिथून ऑक्सफर्ड: नॉर्थगेटच्या सेंट मायकेल चर्चचा मनोरा आपल्या दशकानंतरचा, साधारण १०४० चा, पण तटाच्या उत्तर दरवाजाची जागा तीच. विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये कनूट आणि एमाची नावं लिहिलेल्या लाकडी पेट्या आहेत. आतली हाडं सतराव्या शतकात उलटीपालटी झाली, त्यामुळे नावावर जाऊ नका. ग्रिनिचचं सेंट अल्फेज चर्च आर्चबिशप मारला गेला त्या पारंपरिक जागेवर आहे, इमारत अठराव्या शतकातली.

एकच ठिकाण निवडायचं तर ग्लॉस्टरशायरमधलं डीअरहर्स्ट. असांडुननंतर कनूट आणि एडमंड इथेच सेव्हर्न नदीतल्या ओल्नी नावाच्या बेटावर भेटले. दक्षिणेचं वेसेक्स एडमंडकडे, मर्सिया कनूटकडे आणि सैन्याला पैसा, असं ठरलं. ३० नोव्हेंबर १०१६ ला एडमंड वारला आणि सगळंच कनूटचं झालं. इथलं सेंट मेरी चर्च त्या भेटीच्या वेळी उभं होतं आणि त्या काळच्या भिंती आजही त्यात आहेत. शेजारी १०५६ चं छोटं ओड्डाचं चॅपल आहे. बेट आता ओळखू येत नाही, नदीकाठची कुरणं तेवढी दिसतात. हिवाळ्यात सेव्हर्नला पूर येतो आणि गावाचा रस्ता पाण्याखाली जातो, तेव्हा निघण्याआधी पुराचा इशारा बघून घ्या. मे ते सप्टेंबर बरा.